घोडा, नवा, जुना

परड्यातला बल्ब जाऊन आठ दिवस झाले होते. आई रोज सांगायची, "बाबा, तेवढा बल्ब बदल. मला पहाटंचं दिसत न्हाय." मी रोज 'बदलतो' म्हणायचो. तेव्हा आम्हाला शेतीची लाईट रात्रीची होती. रात्रभर डाळिंबाला पाणी धरायचं आणि दिवसा डोळ्यांवर झापड. बल्ब आणून ठेवला नव्हता असंही नाही. कोनाड्यात खोक्यासकट पडून होता. वीस रुपयांची वस्तू.

२०१९ साल, भोगीचा दिवस. भोगीला आमच्याकडं बायका पहाटेच डोक्यावरून अंघोळ करतात. आई अंधारात उठली, संडासकडं निघाली आणि न्हाणीपुढच्या ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. मी नुकताच मोटर बंद करून येऊन आडवा झालो होतो. भरलेली घागर पडावी तसा आवाज आला. मग एकदाच "आई गं."

आई तेव्हा एक्याऐंशीची असेल. असेल म्हणतो, कारण आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, आणि तिच्या वयाच्या आमच्या गावातल्या निम्म्या बायका १ जानेवारीलाच जन्मल्यात.

उचलायला गेलो तर ती किंचाळली. बॅटरीच्या उजेडात बघितलं. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलं होतं. बघताबघता आळी गोळा झाली. कोण म्हणालं शिर धरलीय, तेल लावून चोळा. कोण म्हणालं, पलीकडच्या गावात हाडं बसवणारा आहे, हात लागला की गुण येतो. आई फरशीवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मला आत्याबाईवानी करू नगा."

बाकीच्यांना त्यातलं काही कळलं नाही. मला आणि माझ्या बायकोला कळलं.

आत्याबाई म्हणजे आईची सासू, माझी आजी. १९८३ साली गोठ्यात गाईचा धक्का लागून ती पडली होती. पाय असाच आखूड, असाच बाहेर वळलेला. तेव्हा आम्ही हाडं बसवणाऱ्याला आणलं. त्यानं पाय ओढला, आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं आणि सांगितलं, दीड महिना हलवायचं नाही. सोप्यात बाजंवर आजीला टाकलं. आम्ही काही तिची हेळसांड केली नाही. दूध, शिरा, सगळं जागेवर. पण महिन्याभरात तिच्या माकडहाडावर लाल चट्टा आला, मग तिथलं कातडं गेलं, मग तिथं रुपाया मावेल एवढा खड्डा पडला, आणि तो वाढत गेला. आई रोज कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं तो धुवायची. सोप्यात उदबत्ती लावून ठेवायला लागायची, एवढा वास. शेवटी शेवटी छातीत कफ भरला. पाचव्या महिन्यात आजी गेली. कामट्या कधीच सोडल्या होत्या. पायानं मेली नाही ती, पाठीनं मेली. सांगोल्याहून मिरजेला तेव्हा नॅरोगेजची छोटी रेल्वे होती. मिरजेत तेव्हाही मोठे दवाखाने होते. मी तेवीस वर्षांचा होतो, दहावी पास होतो, गावात लोकांची पत्रं वाचून दाखवत होतो. पण आजीला रेल्वेत घालून न्यावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं की ते असंच जायचं, असं सगळ्या गावानं धरलेलं होतं, तसं मीही.

तर त्या पहाटे मी कुणाचं ऐकलं नाही. परड्यातली जुनी फळी काढली, गोधडी घातली, आईला चौघांनी त्यावर सरकवलं आणि छोट्या हत्तीत घालून आधी तालुक्याला, तिथून मिरजेला. रस्त्यात खड्डा आला की आई माझा दंड धरायची. तोंडातून शब्द नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि दाखवलं. मांडीचं हाड वर जिथं खुब्यात बसतं तिथं एक गोळा असतो. त्या गोळ्याची मान मोडली होती. मान मोडली की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, मग म्हाताऱ्या माणसात तो सहसा जुळत नाही. म्हणून गोळाच काढून धातूचा बसवायचा. मी विचारलं, "साहेब, ह्या वयात ऑपरेशन सोसंल का?" ते म्हणाले, "ऑपरेशन करण्यात धोका आहेच. पण न करता झोपवून ठेवण्यात त्याहून जास्त आहे. दोन दिवसांच्या आत करून टाकू." मग त्यांनी विचारलं, याआधी कधी पडल्या होत्या का? मी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं, भरून आलं. ते म्हणाले, "ती पहिली घंटा होती. हाडं ठिसूळ झालीत. तेव्हाच औषध सुरू करायला पाहिजे होतं." आम्ही मनगट सरळ झालं म्हणून पेढे वाटले होते.

पैशाचं फार सांगत नाही. तेल्यानं डाळिंब गेलेलं होतं. एक गाभण गाय विकली, थोडे मेव्हण्यानं दिले.

ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या रात्री आई आमची राहिली नाही. डोळे उघडे, ओळख नाही. हातातली सुई उपसायला बघायची. मध्येच ओरडायची, "मुकादमाला सांग, माझी खडी मोजून घे. कालची पण लिवली न्हाय." मला घटकाभर उमगेना, मग अंगावर काटा आला. ती बहात्तरच्या दुष्काळात होती. तेव्हा आमच्या भागातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि मी बारा वर्षांचा, तिच्या पाठीमागं सुकडीच्या रांगेत. मला वाटलं, आई गेली डोक्यातून. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "काका, घाबरू नका. भूल, दुखणं, नवी जागा, म्हाताऱ्या माणसांना होतं असं. त्यांचा चष्मा कुठंय? तो घाला. घरचंच माणूस जवळ बसा, गावाकडचं बोला. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा." चष्मा मी पिशवीत जपून ठेवला होता, फुटू नये म्हणून! तो घातला. तिसऱ्या दिवशी ती भानावर आली आणि पहिलं काय विचारलं, तर मिश्रीची डबी.

त्याआधी, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, एक पोरगी वॉकर घेऊन आली. बावीस-चोवीस वर्षांची, केसांची शेपटी बांधलेली. "चला आजी, उठायचं." मी उभाच राहिलो. म्हटलं, "ओ बाई, काल कापलंय. आज उठवताय? शिवण उसवंल की."

"नाही उसवणार. बॉल सिमेंटनं बसवलाय काका. आजींचं वजन तो आजच पेलतो."

"पेलंल नाहीतर न पेलंल, तिला भान नाही अजून."

"उभ्या राहिल्या की येईल."

मी आवाज चढवला. त्या पोरीनं ना आवाज चढवला ना माघार घेतली. आईच्या काखेत हात घालून तिनं तिला कडेला बसवलं, पाय खाली सोडायला लावले, थांबली, चक्कर येते का विचारलं आणि उभी केली. आई सगळी थरथरत होती. दहा आकडे मोजून बसवलं. मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो, मला बघवलं नाही.

पुढच्या चार-पाच दिवसांत तिनं आम्हाला बरंच शिकवलं. पडल्या पडल्या पंजे वर-खाली करायचे, म्हणजे पोटरीत रक्त साकळत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानं दाबायची. प्लॅस्टिकच्या डब्यातले तीन गोळे श्वास आत ओढून वर उचलायचे, म्हणजे छातीत कफ भरत नाही. आणि काय करायचं नाही, त्याची यादी: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर वळताना दोन पायांत उशी. नाहीतर बॉल जागेवरून निसटतो. आई ऐकून घ्यायची आणि मग मला म्हणायची, "मंग बसायचं तरी कशावर? डोस्क्यावर?" ऐंशी वर्षं जी बाई चुलीपुढं, जात्यापुढं, देवापुढं, पंगतीत, खुरपताना, सगळीकडं जमिनीवरच बसली, तिला सांगायचं आजपासून जमीन बंद. डॉक्टरला ते एका ओळीत लिहिता येतं.

निघताना त्या पोरीनं कागदावर स्वतःचा नंबर लिहून दिला. म्हणाली, "ऑपरेशन आमचं होतं, ते झालं. आता तुमचं काम सुरू. घरी गेल्यावर झोपवून ठेवू नका." मी हो म्हटलं.

आणि घरी आणून झोपवूनच ठेवलं.

हे मला लिहायला जड जातंय, पण तेच लिहायला बसलोय. तालुक्याहून एक व्यायाम घेणारा मुलगा लावला होता. येण्याजाण्यासकट तीनशे रुपये. तिसऱ्या वेळेला आई रडली. मी आईला नवऱ्याच्या मरणातसुद्धा मोठ्यानं रडलेली बघितलं नव्हतं. मी त्या मुलाच्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणालो, "राहू दे आता. जखम भरू दे, मग बघू." तोही गेला. वॉकर भिंतीला लागला. त्यावर टॉवेल वाळत पडायला लागले.

सोप्यात लोखंडी खाट, मऊ गादी, डोक्याशी पंखा. दात घासायला तस्त, खायला ताट, खालीच खुर्चीचं भांडं. सून केस विंचरायची, नात गोष्टी सांगायची. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "काय नशीब म्हातारीचं! सगळं जागंवर. असा ल्योक सगळ्यांस्नी मिळू दे." ते ऐकायला मला गोड वाटायचं. खोटं कशाला बोलू? बल्बाचा सल होता ना आत. वाटायचं, फेड होतेय.

आई मात्र कमी होत चालली होती. भाकरीचा चतकोर पुरे म्हणायची. दिवसा झोप, रात्री जागी. उठ म्हटलं तर म्हणायची, "आता कशापायी? लई चाललीया म्या." जी बाई पडल्या पडल्या 'आत्याबाईवानी करू नगा' म्हणाली होती, तीच आता खाटेला धरून राहिली. दुखणं होतं, पण दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. एकदा जमिनीनं दगा दिला होता. पाय खाली सोडले की ती फरशीकडं विहिरीत बघावं तशी बघायची.

असे तीन आठवडे गेले. एका दुपारी बायकोनं मला आत हाक मारली. ती आईचं अंग पुसत होती. आईला कुशीवर करून तिनं बोट दाखवलं. माकडहाडावर लाल चट्टा. जिथं आजीला होता, तिथंच, तसाच.

बायको १९८३ साली नवी नवरी होती, तीही ते पाणी तापवून देत होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती मला परड्यात घेऊन आली. म्हणाली, "गाय बसली तर काय करताय तुमी?"

मी काही बोललो नाही. दोन वर्षांपूर्वी आमची एक गाय व्यायल्यावर बसली होती, उठेना. तेव्हा मी काय केलं? डॉक्टर आणून कॅल्शियमची बाटली लावली. दर दोन-तीन तासांनी चार माणसं बोलावून तिची कूस बदलली. खाली उसाचं पाचट टाकलं. पोटाखालून पोत्यांचा झोळ घालून, दोन बांबू लावून सकाळ-संध्याकाळ तिला उभी केली. शेजारचे म्हणत होते, कशाला हाल करतोस मुक्या जनावराचे? मी म्हणालो होतो, गाय बसून राहिली की संपली, पाय गेले की सगळं गेलं. पाचव्या दिवशी ती चालत गव्हाणीला गेली. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. जनावराच्या बाबतीत ठाऊक होतं.

त्या पोरीला फोन लावला. वाटलं, झाडणार आता. तिनं आधी विचारलं, "लाल झालंय तिथं बोट दाबून बघा. पांढरं होतंय का?" बायकोनं दाबलं. पांढरं झालं, मग परत लाल. "मग वेळ गेली नाही अजून. दोन-दोन तासांनी कूस बदला. आणि उठवा, काका. व्यायामाच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्या, मग उठवा. तुम्ही उभं करताय का नाही ते मला रोज सांगायचं." आणि शेवटी म्हणाली, "त्या रडतील. रडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी दिली. वडलांचा जुना फेटा होता, तो घडी करून आईच्या कंबरेला बांधला आणि मागून मी धरला, म्हणजे तोल गेला तरी पडणार नाही. आईनं मला दोन शिव्या दिल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. उभी राहिली. दहा आकडे. बसली. पहिला दिवस एवढाच. दुसऱ्या दिवशी दोन वेळा. तिसऱ्या दिवशी एक पाऊल.

पावलांचा मेळ काही केल्या बसेना. आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, असं सांगितलं होतं. आई वॉकर तिथंच ठेवून पाय टाकायची. नऊ वर्षांच्या नातीनं त्यावर तोड काढली. आई वॉकरला घोडा म्हणायची. बॉल बसवलेला पाय नवा, दुसरा जुना. पोरगी पुढं उभी राहून म्हणायची, "घोडा, नवा, जुना. घोडा, नवा, जुना." आईच्या तोंडात ते बसलं. हरिपाठाच्या ठेक्यात म्हणायला लागली. नातीनं गेरूनं फरशीवर रेघा मारल्या. खाटेपासून मेढीपर्यंत चार पावलं. मेढीपासून मधल्या दारापर्यंत सहा. ज्या दिवशी रेघ ओलांडली त्या दिवशी तिथं गेरूचं फूल. आमचा सोपा महिनाभर पोळ्याच्या बैलासारखा रंगलेला होता.

खाण्याचंही बघावं लागलं. डॉक्टर म्हणाले होते, मांस झडलंय, अंडी द्या. आई माळकरी. मग दूध, डाळी, शेंगदाणे आणि रोज संध्याकाळी हुलग्याचं माडगं. माडग्याला ती कधी नको म्हणाली नाही. शिवाय कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी आणि वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं हाडांचं औषध. मिश्री सुटली नाही. सोडते म्हणाली, डबी फक्त उशीखालून गादीखाली गेली.

तरी पंधरा दिवस ती आमच्यासाठी चालत होती, स्वतःसाठी नाही. गोळी घ्यावी तशी. एकदा सोप्यात चार पाहुणे आलेले आणि तिला खुर्चीच्या भांड्यावर बसायची वेळ आली. सुनेनं साडीचा आडोसा धरला. पाहुणे उठून अंगणात गेले. ते गेल्यावर आईनं मला बोलावलं. "ऐक. मला संडासला माजी मी जायचंय. तेवढं कर. मंग तू म्हनशील तसं चालते."

त्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की काय करायचंय. सोप्यापासून परड्यातल्या संडासापर्यंत मी पावलं मोजली, आईच्या पावलांनी. एकोणतीस. वाटेत काय काय होतं! पेंडीची पोती, नातीची सायकल, पायपुसणं म्हणून टाकलेलं गोणपाट, तिरकी बसलेली फरशी. सगळं काढलं. बोअरचे जुने लोखंडी पाईप पडून होते, ते गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कापून भिंतीला कंबरेएवढ्या उंचीवर ठोकून घेतले. न्हाणीपुढची गुळगुळीत फरशी उखडून खरबरीत कोबा केला. संडासात खुर्चीसारखं भांडं बसवलं. मागच्या दाराचा उंबरा राहिला. मी म्हणालो, कापून टाकतो. आई म्हणाली, "उंबरा कापायचा आसंल तर मला हितंच राहू दे." मग दोन्ही अंगांनी सिमेंटचा उतार दिला. उंबरा तसाच, फक्त बुजला. आणि बल्ब. तो मात्र मी पहिल्याच दिवशी बदलला होता, मिरजेहून परत आल्या आल्या. कोनाड्यातलं खोकं उघडताना हात थरथरत होता.

दीड महिन्यानं मिरजेला दाखवायला नेलं. ती पोरगी जिन्यात भेटली. आई तिला म्हणाली, "तूच ती कैदाशीण." दोघी हसल्या. तिनं आईला काठी धरायला शिकवलं. मला वाटत होतं काठी दुखऱ्या बाजूला धरायची असते, सगळं गाव तशीच धरतं. ती म्हणाली नाही, डावा पाय दुखरा तर काठी उजव्या हातात. पायरी चढताना जुना पाय आधी, उतरताना नवा आधी. आईनं जिन्यातच दोन पायऱ्या चढून दाखवल्या.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. आई परत कधी रानात खुरपायला गेली नाही. चुलीपुढं बसली नाही. पंगतीत सगळे खाली आणि ती खुर्चीवर, हे तिला शेवटपर्यंत अवघड वाटलं. देवापुढं खुर्चीवर बसताना आधी हात जोडून माफी मागायची. आषाढीला तिनं कितीतरी वर्षं पंढरपूर पायी गाठलं होतं, त्यानंतर जीपनं नेलं आणि मुखदर्शन करून आणलं. जीपमध्ये ती गप्प होती. पण खुर्चीवर बसून तिनं तुरीच्या शेंगा सोलल्या, सुनेच्या भाकरीला नावं ठेवली, दारात उभी राहून दूधवाल्याशी मापावरून भांडली. ती त्यानंतर चार वर्षं जगली आणि त्यातले शेवटचे दहा-बारा दिवस सोडले तर आपल्या पायांवर जगली. गेली ती तापानं. पाठीला ओरखडा नव्हता.

मला राहून राहून आठवते ती चैत्रातली एक रात्र. ऑपरेशनला तीन महिने होत आले होते. तोवर ती दिवसा एकटी जायची, पण रात्री मी नाहीतर सून मागं असायचो. त्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती घोड्याच्या आवाजानं. रात्री ती काठी घेत नसे, घोडाच घ्यायची. टक्. मग पाऊल घासल्याचा आवाज, मग दुसरं. ती एकटी निघाली होती. मी उठून बसलो. बायकोनं अंधारातच माझा हात धरून खाली ओढला. ती जागी होती.

मी पडून मोजायला लागलो. चौथ्या पावलाला मेढ. दहाव्याला मधलं दार. मग उतार, तिथं आवाज थांबला. मला घाम फुटला. बायकोनं हात सोडला नाही. परत टक्. बटण दाबल्याचा आवाज, आणि खिडकीतून परड्यातला उजेड आमच्या भिंतीवर पडला. पाईप हातानं घासत गेल्याचा आवाज. कडी. बराच वेळ काही नाही. पाण्याचा आवाज. कडी. टक्, टक्, टक्. आली उतारावरून वर. मधल्या दारातून आत. मेढीपाशी आली. मी सुटलो म्हणून श्वास सोडला, तेवढ्यात आवाज थांबला आणि आई स्वतःशीच पुटपुटली, "लाईट तशीच ऱ्हायली बग."

आणि घोडा परत वळला. सहा पावलं मधल्या दाराला, मग उतार, मग बटण. मी पडून राहिलो. भिंतीवरचा उजेड गेला.